गणपतीतल्या घरच्या फोटोतली निळी ताडपत्री मागे कशी ढकलावी

कोकणात सगळ्या घरादाराचा मिळून फोटो निघतो तो गणपतीत. मुंबई-पुण्याचे सगळे आलेले असतात, खळ्यात नाहीतर ओटीच्या पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढला जातो. मागे हमखास असतं ते हे: पावसाची झड अडवायला बांधलेली निळी ताडपत्री, एकात एक रचलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, दोरीवरचे टॉवेल आणि वरून गेलेली विजेची वायर. यावर जो तो एकच सल्ला देतो, एक बटण दाबा आणि बॅकग्राउंड उडवा. ऐकू नका. मागची चिऱ्याची भिंत, कौलं, पडवीचे खांब गेले की तो फोटो कुठल्याही हॉलमधला वाटतो. उद्या घर पाडून स्लॅबचं बांधलं तर ती भिंत याच फोटोत उरणार आहे. घर राहू द्यायचं, फक्त नजर खेचणारं जे आहे ते शांत करायचं.

मी हे काम फोनवर स्नॅपसीडमध्ये करते. ॲप फुकट आहे आणि या कामाला पुरतं. बटणांच्या जागा आवृत्तीगणिक बदलतात, तेवढं शोधावं लागेल.

मूळ फाइलच घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने कमी होऊन येतो. ज्याने काढला त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग क्रॉप. कडेची अर्धी खुर्ची, अर्धी मोटरसायकल इथेच जाते, तिच्यावर पुढे वेळ घालवू नका.

त्यानंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा काढून पांढरं पांढरं दिसेल असं करणं, आणि हे लोक विसरतात. ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड निळा असतो, तो चेहऱ्यांवर आणि पांढऱ्या केसांवर पडतो. त्यातलं रंग टिपायचं ड्रॉपर आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर ठेवा, चेहरे लगेच माणसात येतात.

वायर, प्लगपॉइंट, भिंतीवरचा खिळा यांना हीलिंग, म्हणजे नको ते पुसायचं टूल. एका झटक्यात लांब रेघ ओढू नका, तुकड्या-तुकड्याने पुसा. हे टूल आजूबाजूचाच भाग उचलून चिकटवतं, त्यामुळे आकाश, वाळू, लाल माती यांवर ते उत्तम चालतं. चिऱ्यांच्या सांध्यांवर आणि कौलांच्या ओळींवर मात्र रांग मोडते आणि ते लगेच दिसतं. गूगल फोटोजचं मॅजिक इरेझर, तेही नको ते पुसणारंच, २०२४ पासून सगळ्यांना मिळतं, पण ओळी असलेल्या भिंतीवर त्याचंही काम जवळून तपासल्याशिवाय ठेवू नका.

आता ताडपत्री. ही पुसायची नाही. नजर चेहऱ्यांकडे जाते, पण चेहऱ्यांहून उजळ किंवा भडक काही दिसलं की तिकडे वळते. म्हणून ताडपत्रीचा भडकपणा आणि उजेड, दोन्ही कमी करायचे. ट्यून इमेजमध्ये सॅच्युरेशन उणे ६०च्या आसपास, ब्राइटनेस उणे २५. सगळा फोटो मरगळलेला दिसेल, दिसू दे. मग ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये जाऊन त्याच एडिटचा ब्रश उघडा आणि हा बदल फक्त ताडपत्रीवर आणि खुर्च्यांवर रंगवा.

खरी कसोटी कडेला आहे. हाच टप्पा मला सगळ्यात जड गेला. ब्रशचा जोर शंभरवर ठेवून केसांपर्यंत रंगवलं की दोन गोष्टी होतात: थोडं आत गेलात तर काकूंचा गजरा राखाडी होतो, थोडं बाहेर थांबलात तर डोक्याभोवती निळं वलय राहतं. छापल्यावर ते वलय फोनवरच्यापेक्षा जास्त बोचतं. उपाय असा. मोकळी ताडपत्री शंभरने रंगवा, पण माणसापासून बोटभर लांब थांबा. मग झूम करा. पडद्यावर ब्रश तेवढाच राहतो, म्हणजे फोटोत तो बारीक होतो. ब्रश पन्नासवर आणून आणखी जवळ या, आणि केसांच्या विरळ टोकांवर पंचवीसने एकदाच हलका हात फिरवा. आत गेलं तर शून्यावर आणून खोडा. दंड आणि कंबर यांमधली फट, कडेवरच्या पोराच्या पायाखालची फट, चष्म्याच्या काड्यांमागचा तुकडा इथे निळा हमखास राहून जातो. प्रत्येक माणसाची कड स्वतंत्र बघा. घाईचं काम नाही हे, आरतीच्या आधी दहा मिनिटांत उरकायला घेऊ नका.

ब्लर शेवटी, आणि लागलाच तर. सगळ्या पाठीमागच्या भागाला सारखा ब्लर दिला की माणसं पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखी दिसतात, कारण पायाखालची जमीनही पुसट होते. गुहागरला किंवा तारकर्लीला काढलेल्या फोटोत हे जास्त कळतं: पावलांजवळची वाळू स्पष्ट हवी, मागचे स्टॉल थोडे मऊ, क्षितिज त्याहून मऊ. ओटीवरच्या फोटोत भिंत माणसांच्या पाठीला लागूनच असते, तिथे ब्लर देऊच नका.

छापायला देताना एक बघा. फोनचा फोटो बहुधा ४:३ असतो, ४×६ इंचाचा कागद ३:२. स्टुडिओत तसाच दिला तर वरून किंवा खालून कापला जातो आणि मागच्या रांगेतल्या उंच माणसाचं डोकं जातं. स्वतःच ३:२ मध्ये क्रॉप करून, निदान १८००×१२०० पिक्सेल ठेवून, पेनड्राइव्हवर न्या. मूळ फाइल वेगळी ठेवा, तिच्यावर सेव्ह करू नका.