दगड आधी उलटा करून बघा

क्योतोत नोकरीला होतो तेव्हा सुइसेकी, म्हणजे निसर्गात घडलेले दगड निवडून मांडण्याची जपानी कला, शिकायला पहिल्यांदा गेलो, तो पाठपिशवीत अकरा दगड भरूनच. त्यात एक बदक होतं, एक झोपलेलं कुत्रं होतं आणि एक तर चक्क गणपती. शिकवणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी एकाही दगडाचं तोंड पाहिलं नाही. एकेक उचलायचा, उलटा करायचा आणि बुडावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. दहा दगड त्यांनी बागेच्या वाटेकडे सरकवले. उरलेला अकरावा मीच टाकून देणार होतो. काळपट, लांबट, कशासारखाही न दिसणारा.

आपल्या दगडाला सुइसेकी म्हणता येईल का, असं नवखी मंडळी विचारतात तेव्हा त्यांच्या मनातला खरा प्रश्न असतो, 'हा कशासारखा दिसतो?' मीही तिथेच अडकलो होतो. वस्तूंसारखे दिसणारे दगड जपानी परंपरेत आहेत. गवती छपराची झोपडी, नाव वगैरे. पण पाहताक्षणी नाव सुचलं तर जरा सावध राहा. असा दगड आठवड्यात बोलायचा थांबतो.

बूड आधी का, तर दोन कारणांसाठी. पहिलं म्हणजे कापलेला दगड तिथेच पकडला जातो. करवतीने सपाट केलेल्या बुडावर नख गुळगुळीत सरकतं आणि कडेला धारदार रेघ लागते. नदीने घासलेल्या बुडाला बारीक चढउतार असतात, कड गोल होत जाते. कापलेले दगड जपानातही पुष्कळ विकले जातात, मांडलेही जातात. माझं मत विचाराल तर शिकताना घेऊ नयेत. दुसरं कारण बैठकीचं. जपानी शब्द 'सुवारी', म्हणजे अक्षरशः बैठक. दगड जमिनीतून वर आल्यासारखा वाटला पाहिजे, वरून आणून ठेवल्यासारखा नाही. बूड थोडं वाकडं असेल तर त्याच्या मापाने कोरलेली लाकडी बैठक, 'दाइझा', सांभाळून घेते. वाळू भरलेल्या उथळ तबकात, 'सुइबान'मध्ये, मांडायचा असेल तर मात्र बुडाच्या काठाची रेघ नीट हवी.

मग समोर-मागे आणि डावं-उजवं. दूरच्या डोंगराच्या दगडात, 'तोयामा-इशी'त, शिखर बरोबर मधोमध आलं की चित्र मरतं. दोन्ही टोकं किंचित पुढे झुकलेली असली, तर दगड आपल्याला आत बोलावतो. ती त्याची समोरची बाजू.

रंगाबद्दल थोडक्यात: गडद आणि शांत. भडक रंग, चकाकी, आरपार दिसणारे स्फटिक हे वेगळ्या संग्रहाचं काम. गिफूतल्या नेओदानीचे शेवंतीच्या नक्षीचे दगड प्रसिद्ध आहेत, पण त्यांची नक्षी बहुधा घासून-कोरून वर काढलेली असते.

पाण्याची परीक्षा घरी करता येते. दगड भिजवा आणि सुकेपर्यंत समोर बसा. माझा तो अकरावा दगड सुकताना आधी शिखर राखाडी झालं, मग उतार; खळगे शेवटपर्यंत काळे राहिले. दहा मिनिटं डोंगरावरचं ऊन सरकताना पाहिल्यासारखं वाटलं. त्याच वेळी त्याची खोडही कळली. ओला असताना न दिसणारा पांढरा ओरखडा सुकल्यावर वर आला. दुकानात तेल किंवा मेण लावलेला दगड दाखवला तर म्हणूनच धुऊन दाखवायला सांगा.

नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात 'युमे नो उकिहाशी', म्हणजे स्वप्नातला तरंगता पूल, नावाचा दगड आहे. चौदाव्या शतकातल्या सम्राट गो-दाइगोने तो जवळ बाळगला होता असं परंपरा सांगते. बदक-कुत्रं शोधणाऱ्या डोळ्यांना त्यात काहीच दिसणार नाही. लांबट आणि बुटका, इतकंच.

आता पुण्यात आहे. आपला काळा पाषाण कठीण असतो, रंगही चालतो. मात्र पोकळ्यांत भरलेले पांढरे ठिपके डोंगराचं सगळं अंतर घालवतात. अकरावा दगड गॅलरीत उन्हात ठेवून रोज पाणी घालतो. याला 'योसेकी' म्हणतात, दगड मुरवणं म्हणा हवं तर, आणि त्यात वर्षं जातात. पहिला उन्हाळा मी बोअरचं पाणी घातलं आणि दगडावर क्षारांचा पांढरा थर धरला. तो मऊ ब्रशने काढण्यात पावसाळा गेला. ओरखडा अजून आहे, पण ओला नसतानाही आता शोधावा लागतो.