जुना गेम नव्या पीसीवर क्रॅश होतोय? आधी तो कुठे पडतो ते बघा

डबल क्लिक केलं, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत डेस्कटॉप, ना एरर ना मेसेज. मग बहुतेक जण एकच करतात, गेमच्या प्रॉपर्टीजमधला कम्पॅटिबिलिटी टॅब उघडायचा, विंडोज एक्सपी लावून बघायचं, मग ९८, मग ॲडमिन म्हणून रन, मग कुठल्यातरी साइटवरून एक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोड-फाइल) उतरवून फोल्डरमध्ये टाकायची, आणि तासाभराने गेम चाललाच तरी कशामुळे चालला ते कळत नाही आणि पुढच्या विंडोज अपडेटला परत पहिल्यापासून सुरू. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की क्रॅश नेमका कोणत्या क्षणी होतो ते आधी बघा, इन्स्टॉल होताना, डबल क्लिक केल्या केल्या, इन्ट्रो व्हिडिओवर, मेनूत, की अर्धा तास मस्त खेळून झाल्यावर. प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं आणि औषधही वेगळं. आणि एका वेळी एकच बदल करायचा, नाही चालला तर तो बदल परत काढायचा.

सगळ्यात पहिला प्रश्न, गेम बंद पडतोय की अख्खा पीसी? हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत. साधा प्रोग्रॅम कितीही जुना असला तरी आजच्या विंडोजला एकटा खाली पाडू शकत नाही, निळी स्क्रीन आली किंवा मशीन आपोआप रिस्टार्ट झालं तर मध्ये ड्रायव्हर किंवा हार्डवेअर असतंच. जुन्या गेमच्या बाबतीत मी पहिला संशय फ्रेम रेटवर घेतो. जुन्या गेमच्या मेनूला बऱ्याचदा कसलीच मर्यादा नसते, आजचं कार्ड तो मेनू सेकंदाला हजारो वेळा काढत बसतं, कार्ड फुल लोडवर जातं, आणि पॉवर सप्लाय कमकुवत असेल किंवा आत धूळ साचलेली असेल तर मशीन धाडकन बंद. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही फ्रेम रेटवर मर्यादा घालायची सोय आहे, ६० वर लावा आणि परत बघा. निळी स्क्रीन येत असेल तर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडम्प फोल्डरात क्रॅशची नोंद असलेली फाइल (डम्प) पडलेली असते, ती ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाच्या छोट्या फुकट टूलमध्ये उघडली की बहुतेक वेळा कोणत्या ड्रायव्हरवर संशय घ्यायचा ते दिसतं. डम्प नाहीच आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतंय, तर त्याचा अर्थ मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढाच, कारण त्यात नसतं, अशा वेळी तापमान आणि पॉवर सप्लाय तपासायचा.

आता फक्त गेमच पडत असेल तर. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि क्रॅशच्या वेळची लाल खुणेची ‘ॲप्लिकेशन एरर’ नोंद शोधा, तिचा नंबर १००० असतो. हे किचकट वाटलं तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा, तीच माहिती तारखेप्रमाणे सोप्या चार्टवर दिसते. दोन ओळी कामाच्या, फॉल्टिंग मॉड्यूल (ज्या फाइलमध्ये चूक घडली ती) आणि एक्सेप्शन कोड (चुकीचा प्रकार). कोड सी००००००५ असेल तर प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी वापरायचा प्रयत्न केला, हा सगळ्यात कॉमन आणि एकट्याने फार काही न सांगणारा. सी००००१३५ म्हणजे एखादी डीएलएल सापडलीच नाही. सी०००००१डी म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना मिळाली. पण खरं सोनं मॉड्यूलच्या नावात असतं, तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल दिसली तर ग्राफिक्सकडे जायचं, बिंकची (गेममधले व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर) डीएलएल दिसली तर व्हिडिओकडे, एक्सलाइव्ह दिसली तर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’कडे.

इन्स्टॉलच होत नाही, हे खूप जणांचं दुखणं. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येतं. गंमत अशी की नव्वदच्या दशकातले बरेच गेम स्वतः ३२-बिट असतात पण त्यांचा सेटअप १६-बिट असतो, म्हणजे गेम चालला असता, दारातच अडकला. काही ठरावीक जुन्या इन्स्टॉलरच्या जागी विंडोज स्वतःच ३२-बिट वाला वापरतं, बाकीच्यांसाठी डिस्कवरच्या फाइल्स हाताने कॉपी करून वर शेवटचा अधिकृत पॅच टाकून बघायचा. डॉसचा गेम असेल तर विंडोजशी झगडूच नका, सरळ डॉसबॉक्स, जुना डॉस पीसी उभा करणारा प्रोग्रॅम. पॉइंट अँड क्लिक ॲडव्हेंचर असेल तर स्कमव्हीएम या असे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत आहे का ते बघा. आणि विंडोज ९५-९८ च्या काळातला अगदीच हट्टी गेम असेल तर ८६बॉक्ससारखं एम्युलेटर, त्यात त्या काळचा पीसी जसाच्या तसा उभा करता येतो, वेळ लागतो पण चालतं.

डिस्कवाला गेम इन्स्टॉल होतो आणि डबल क्लिकवर काहीच होत नाही, तर संशय कॉपी प्रोटेक्शनवर, म्हणजे डिस्क अस्सल आहे का ते तपासणाऱ्या व्यवस्थेवर. सेफडिस्क या त्या काळच्या कॉपी प्रोटेक्शनचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ठेवलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ च्या सिक्युरिटी अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला, कारण त्यात सुरक्षेचं भोक होतं. इथे कम्पॅटिबिलिटी मोडचा काडीचा उपयोग नाही. कुठूनतरी तो ड्रायव्हर आणून, विंडोजची ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद करून बसवा असं सांगणारे व्हिडिओ आहेत, कृपया करू नका, एका गेमसाठी अख्ख्या मशीनची कडी काढून ठेवण्यासारखं आहे ते. आधी गेमचा शेवटचा अधिकृत पॅच शोधा, बऱ्याच कंपन्यांनी शेवटच्या पॅचमध्ये डिस्क चेक काढून टाकला होता, नाहीतर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर मिळणारी आवृत्ती घ्या, तिथे प्रोटेक्शन नसतं आणि बऱ्याच गेम्सना नव्या विंडोजसाठीचे फिक्स आधीच लावलेले असतात.

डीएलएल सापडत नाही म्हणत असेल तर सुटी डीएलएल कधीही उतरवू नका. मायक्रोसॉफ्टचा ‘डायरेक्टएक्स जून २०१०’ वाला पॅक टाका. लोकांना वाटतं डायरेक्टएक्स १२ आहे मग जुनं कशाला, पण डी३डीएक्स९ च्या त्या फाइल्स विंडोजसोबत येत नाहीत, आणि हा पॅक टाकल्याने नवं डायरेक्टएक्स मागच्या आवृत्तीवर जात नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. त्याच्या जोडीला व्हिज्युअल सी++ चे २००५, २००८, २०१० चे पॅक, आणि विंडोज ६४-बिट असलं तरी ‘एक्स८६’ वालेच, कारण गेम ३२-बिट आहे. डायरेक्टप्ले (नेटवर्कवर खेळण्यासाठीचा विंडोजचा जुना भाग) मागत असेल तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ मध्ये लेगसी कम्पोनंट्सखाली टिक करा, डॉटनेट ३.५ पण तिथेच मिळेल.

इन्ट्रोवर पडत असेल तर व्हिडिओची फाइल शोधून तिचं नाव बदलून ठेवा, डिलीट नको. बरेच गेम व्हिडिओ सापडला नाही की सरळ मेनूत जातात.

आता ग्राफिक्स, इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि इथेच सगळ्यात चांगली हत्यारं आहेत. गेम डायरेक्टड्रॉ किंवा डायरेक्ट३डीच्या ८ पर्यंतच्या आवृत्तीवरचा असेल, किंवा थ्रीडीएफएक्सच्या जुन्या कार्डांसाठीच्या ग्लाइडवरचा, तर डीजीव्हूडू२ घ्या. हे जुन्या कॉल्सचं भाषांतर डायरेक्ट३डी ११ किंवा १२ मध्ये करतं. ग्लाइड नसेल तर झिपमध्ये ‘एमएस’ फोल्डरात ‘एक्स८६’ आहे, त्यातल्या डीएलएल आणि सोबतचा कंट्रोल पॅनेल गेमची ईएक्सई जिथे आहे तिथेच टाकायचा, विंडोजच्या सिस्टम फोल्डरात नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये वॉटरमार्क चालू ठेवा, गेममध्ये कोपऱ्यात तो दिसला म्हणजे काम होतंय, दिसला नाही म्हणजे गेम त्या फाइल्स वाचतच नाहीये, आधी ते सोडवा. तिथेच कार्डची मेमरी १२८ किंवा २५६ एमबी दाखवायची सोय आहे, ती नुसती शोभेची नाही. जुने गेम मेमरीचा आकडा ३२ बिटमध्ये ठेवतात, दोन जीबीच्या वर गेलं की तो आकडा उणे होऊ शकतो आणि आठ जीबीच्या कार्डवर गेम म्हणतो मेमरी पुरत नाही. मोकळ्या डिस्कवर ‘जागा नाही’ म्हणणारे सेटअप याच कारणाने अडतात, त्यासाठी डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन जीबीहून लहान व्हर्च्युअल डिस्क बनवून तिथे इन्स्टॉल करून बघता येतं, अर्थात गेम तेवढ्यात मावत असेल तरच.

डायरेक्ट३डी ९ चे गेम असतील तर डीएक्सव्हीके, हे त्यांचे कॉल्स व्हल्कन या नव्या ग्राफिक्स पद्धतीवर नेतं, विंडोजवरही बऱ्याचदा चालतं. ओपनजीएलवाल्या गेम्सचं दुखणं निराळं आहे. क्वेक ३ च्या इंजिनवरचे जुने गेम सुरू होताना ड्रायव्हरला विचारतात तुला काय काय येतं, आणि उत्तरासाठी जागा राखलेली असते १९९९ च्या हिशोबाने. आजचा ड्रायव्हर एवढी लांब यादी देतो की ती त्या जागेत मावत नाही आणि गेम आपटतो. एनव्हिडियाच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘एक्स्टेन्शन लिमिट’ नावाची सेटिंग नेमकी याच्यासाठी होती, पण क्वेक ३ चा सोर्स २००५ मध्ये खुला झाला आहे, तेव्हा तुमच्या गेमला आयओक्वेक३ सारखा नवा पोर्ट (नव्या मशीनसाठी बांधलेली आवृत्ती) असेल तर तोच घ्या, कायमचा त्रास संपतो.

काल चालत होता आणि विंडोज अपडेटनंतर पडला, म्हणजे विंडोजचाच दोष, असं लगेच ठरवू नका. जीटीए सॅन अँड्रियासचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटनंतर त्यातलं स्किमर नावाचं विमान गायब झालं. सायलंट या नावाने काम करणाऱ्या मॉडरने २०२५ मध्ये मुळापर्यंत जाऊन शोधलं, तर गेमच्या डेटा फाइलमध्ये त्या विमानाच्या चाकांच्या मापाचे आकडेच लिहिलेले नव्हते, गेम मेमरीत आधीच्या कामाचं जे उरलेलं असेल तेच उचलत होता, आणि वीस वर्षं ते उरलेलं नशिबाने बरोबर निघत होतं. नव्या विंडोजने मेमरीचा तो कोपरा वेगळ्या पद्धतीने वापरला आणि चूक उघडी पडली. म्हणून गेमच्या चाहत्यांनी केलेले पॅच मी विंडोजच्या सेटिंगपेक्षा वर ठेवतो, ते चूक जिथे आहे तिथेच दुरुस्त करतात. पीसीगेमिंगविकी या साइटवर तुमच्या गेमचं पान उघडा, असे पॅच तिथे बहुतेक मिळतात.

गेम मध्येच गोठतो किंवा वेड्यासारखा पळतो, तर प्रोसेसरचे कोअर. एकच कोअर गृहीत धरून लिहिलेल्या गेमचं वेळेचं गणित अनेक कोअरवर बिघडतं. टास्क मॅनेजर, डिटेल्स, गेमवर राइट क्लिक, ‘सेट ॲफिनिटी’, आणि एकच कोअर ठेवा. सोबत ६० ची फ्रेम मर्यादा ठेवा, खूप जुन्या गेमचं फिजिक्स फ्रेमला बांधलेलं असतं.

आणि अर्धा-एक तास खेळल्यावर, विशेषतः मोठे टेक्स्चर मॉड टाकलेले असताना पडत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये गेमची मेमरी बघा. दोन जीबीच्या जवळ जाऊन पडतोय? ३२-बिट प्रोग्रॅमला एरवी तेवढीच मिळते, मशीनमध्ये ६४ जीबी असली तरी. ‘४जीबी पॅच’ ईएक्सईमध्ये एक खूण बदलतो आणि ६४-बिट विंडोजवर चार जीबीपर्यंत मुभा मिळते. मूळ ईएक्सईची कॉपी ठेवा, आणि प्रोटेक्शन असलेल्या ईएक्सईवर हे सहसा चालत नाही.

किरकोळ पण नेहमी सापडणारी कारणं पटकन सांगतो. जुना गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका, तिथे त्याला लिहायची परवानगी नसते, सी ड्राइव्हवर साधा ‘गेम्स’ फोल्डर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं, युजर फोल्डरचं नाव देवनागरीत असेल तर काही गेम सेव्ह करतानाच पडतात. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हवर गेला असेल तर तेही तपासा. सगळे ओव्हरले (गेमच्या वर दिसणाऱ्या पट्ट्या) बंद, डिस्कॉर्डचा, स्टीमचा, एफपीएस दाखवणारा, सगळे. गेमपॅड, स्टिअरिंग, हेडसेट काढून फक्त कीबोर्ड-माउसवर सुरू करून बघा. लॅपटॉपवर दोन ग्राफिक्स चिप असतील तर डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ द्या. कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये ‘फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन’ बंद करणं आणि ‘रिड्यूस्ड कलर मोड’ १६-बिट, या दोनच टिक मी मनापासून सुचवतो.

एकदा चालला की अख्खा गेम फोल्डर डीजीव्हूडूच्या फाइल्ससकट झिप करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा, सेव्ह फाइल्स वेगळ्या, आणि आत एक साधी टेक्स्ट फाइल, कोणते बदल केले, कोणत्या आवृत्तीची टूल्स, कोणता ग्राफिक्स ड्रायव्हर.