अमेरिकेत गाडी घेतलीत? मग टायरवरचा नंबर वाचून घ्या

अमेरिकेत आल्यावर पहिली गाडी बहुतेकजण जुनी घेतात आणि सुरुवातीच्या वर्षांत घरंही बदलतात. टायरच्या रिकॉलची, म्हणजे कंपनीने सदोष टायर परत मागवल्याची, सूचना हुकते ती नेमकी या दोन गोष्टींमुळे. टायरमध्ये सुरक्षेचा दोष निघाला की कंपनी मालकाला पत्र पाठवते, पण ते जातं तिच्याकडे नोंदलेल्या पत्त्यावर. टायर आधीच्या मालकाने घेतलेले असतील तर पत्रही त्याच्याच नावाने निघतं. म्हणून पत्राची वाट बघत बसू नका, टायरवरचा नंबर स्वतः वाचा.

हा नंबर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागावर, असतो आणि 'डीओटी' (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात : ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. हे चार आकडे दिसत नसतील तर पूर्ण नंबर आतल्या बाजूला गेला आहे असं समजा. ऑइल बदलायला गाडी वर उचलली असेल तेव्हा मेकॅनिकला फोटो काढायला सांगा. जुन्या गाडीला चार वेगवेगळे टायर असू शकतात, तेव्हा चारही नंबर घ्या. स्पेअरचाही घ्या, तो हमखास राहतो.

मग एनएचटीएसए या केंद्रीय रस्ते सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर जा. व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकला की गाडीचे रिकॉल दिसतात आणि बरेचजण तिथेच थांबतात. टायरचा शोध वेगळा आहे, तो ब्रँड आणि मॉडेलच्या नावाने करायचा. रिकॉल सापडला तर आपला डीओटी नंबर त्यात बसतो का ते पाहा; शंका असेल तर थेट कंपनीला फोन करा.

एवढा आग्रह का, ते २००० साली दिसलं. फायरस्टोनने तेव्हा सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते. चालत्या गाडीत टायरचा वरचा थर, म्हणजे ट्रेड, सुटून येत होता आणि गाड्या उलटत होत्या; शेकडो माणसं गेली. उष्णता, वेग, भरपूर सामान आणि कमी हवा एकत्र आली की दोष असलेला टायर लवकर दगा देतो. आपल्या उन्हाळी रोड ट्रिपमध्ये हे सगळंच जमून येतं. म्हणून रिकॉल निघाला असेल तर टायर बदलेपर्यंत ती गाडी घेऊन हायवेवर जाऊ नका, मुलं सोबत असताना तर नकोच.

टायर मोफत बदलून मिळतो, मात्र मुदत आहे. सूचना मिळाल्यापासून १८० दिवसांच्या आत टायर घेऊन जावं लागतं. बदली टायर नंतर उपलब्ध होणार असेल तर तो आल्याची सूचना मिळाल्यापासून दिवस मोजतात. मूळ खरेदीला पाच वर्षांहून जास्त काळ उलटला असेल तर मोफत बदलून देण्याचं बंधन कंपनीवर राहत नाही. पण दोष तिथेच असतो, म्हणून अशा वेळी पदरचे पैसे घालून टायर बदला. रिकॉलच्या आधीच तुम्ही स्वखर्चाने बदलला असेल तर पावती शोधा आणि कंपनीकडे भरपाई मागा.

नवे टायर घेताना दुकानदाराकडून नोंदणीचा फॉर्म मागून घ्या, किंवा त्याने ऑनलाइन नोंदणी केली का ते विचारा. ही नोंदणी फुकट असते. घर बदललं की डीएमव्ही या राज्याच्या वाहन खात्याबरोबर टायर कंपनीलाही नवा पत्ता कळवा. टपालात 'सेफ्टी रिकॉल' लिहिलेलं पाकीट आलं तर जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका, त्याच दिवशी उघडा.

रिकॉल नाही, तरी टायरला फुगवटा आला, ट्रेड सुटू लागला किंवा स्टिअरिंग एकाएकी थरथरू लागलं तर गाडी थांबवा आणि टायर तपासून घ्या. टायरचाच दोष वाटत असेल तर एनएचटीएसएकडे तक्रार करा. दोषांचा तपास पुष्कळदा अशाच तक्रारींमुळे सुरू होतो. टायर काढला तरी दुकानात सोडून येऊ नका. डीओटी नंबरसह तो घरी जपून ठेवा, कारण तपासणीसाठी तो मागितला जाऊ शकतो.