स्पीकरच्या पेटीला रंग, पॉलिश की सनमायका: फळ्या जोडण्यापूर्वी काय ठरवावे

कापून आलेल्या फळ्यांचे स्पीकर-किट घरी पोहोचले की बहुतेक जण त्याच रात्री फेविकॉलचा डबा उघडतात आणि पेटी दिसणार कशी याचा विचार क्लॅम्प काढल्यानंतर करतात. हा क्रम उलटा आहे. बाहेरचे काम हाताने करायचे असते सर्वांत शेवटी, परंतु ठरवायचे असते फळ्या चिकटवण्यापूर्वी. कारण कडा गोल करायच्या की सरळ ठेवायच्या, ड्रायव्हरच्या (म्हणजे आवाज काढणाऱ्या गोल भागाच्या) कडेची खाच किती खोल हवी आणि सांधे कोणत्या बाजूला दिसतील, हे तिन्ही प्रश्न त्या एका निर्णयावर अवलंबून असतात.

आधी एक शंका दूर करू. पॉलिश किंवा रंग यांनी आवाज बदलतो का? व्यवहारात नाही. किटच्या फळ्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या असतात; 18 मिलिमीटर एमडीएफच्या एका चौरस मीटरचे वजन साडेतेरा किलोच्या आसपास असते आणि रंगाचा वाळलेला थर जेमतेम पाव किलोची भर घालतो. एवढ्याने फळीचे कंपन बदलत नाही. आवाजावर परिणाम होतो तो कडांच्या गोलाईचा, कारण ट्वीटरचा, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या ड्रायव्हरचा आवाज फळीवरून पसरताना तीक्ष्ण कडेवर विखुरतो, आणि दुसरा परिणाम पुढच्या फळीची जाडी वाढवल्याचा. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर बाकीची निवड डोळ्यांसाठी, खिशासाठी आणि घरातल्या जागेसाठी करायला हरकत नाही.

समजण्यासाठी एक पेटी डोळ्यांपुढे ठेवू: 380 मिलिमीटर उंच, 220 रुंद आणि 300 खोल. हिचे बाहेरचे सर्व पृष्ठभाग मिळून साधारण पावणेसहा चौरस फूट भरतात, म्हणजे जोडीचे साडेअकरा. सनमायका किंवा व्हिनियरची (खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) आठ बाय चार फुटी शीट 32 चौरस फुटांची असते, त्यामुळे एका शीटमध्ये जोडी होऊन निम्म्याहून अधिक शीट उरते. ज्या दुकानात सुतार उरलेले तुकडे परत देतात, तिथे चौकशी केल्यास मोठा तुकडा स्वस्तात मिळतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर यासाठीच मारावी.

सनमायकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एक मिलिमीटर जाडीची शीट, दोन्ही पृष्ठभागांवर एसआर (टेकताक्षणी धरणारा गोंद), तो बोटाला चिकटेनासा झाला की नेमक्या जागी टेकवायची आणि कड ट्रिमरने साफ करायची. मजबूत, पुसायला सोपी आणि पावसाळ्याची फिकीर न करणारी अशी ही निवड आहे. मात्र कडेला शीटची काळपट रेघ दिसते आणि लहान गोलाईवर ती वळत नाही. किटच्या पुढच्या कडा गोल असतील, तर सनमायका बाजूलाच ठेवावी.

रंगाचे प्रकरण दिसते सोपे, पण असते सर्वांत अवघड. मी केलेली पहिली जोडी झगझगीत काळ्या रंगाची होती आणि ती दिवाळीला आरशासारखी दिसत असे. दुसऱ्या पावसाळ्यात बाजूच्या फळीवर, पुढच्या कडेपासून बरोबर 18 मिलिमीटर आत, एक सरळ रेघ उमटली. आधी ओरखडा वाटला म्हणून पॉलिश केले, तर रेघ आणखी ठळक झाली. ती सांध्याची रेघ होती. एमडीएफ ओलाव्याने लांबी-रुंदीत फारसा फुगत नाही, जाडीत मात्र फुगतो. त्यामुळे एका फळीचा चेहरा आणि दुसरीची कड जिथे एकाच पातळीत घासून ठेवलेली असते, तिथे ऋतू बदलला की केसभर पायरी तयार होते. मॅट रंगात ती लपते, चकाकीत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब तिथेच मोडते.

यावर उपाय आहेत, पण ते फळ्या जोडण्यापूर्वीचेच. सांधे 45 अंशांत कापलेले किट घेतल्यास रेघ नेमकी कोपऱ्यावर जाते आणि दिसतच नाही. सरळ सांध्यांचे किट असेल, तर सांध्यावर मुद्दाम दोन-तीन मिलिमीटरची इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर काढावी. जी रेघ लपवता येत नाही तिला नक्षी करून टाकणे हा सुतारांचा जुना शहाणपणा आहे. हे दोन्ही नको असेल, तर पेटी चिकटवून किमान तीन-चार आठवडे तशीच ठेवावी, म्हणजे फेविकॉलमधले पाणी निघून जाईल, आणि त्यानंतर पॉलिएस्टर पुट्टीने सांधे भरून घासावे. घाईने भरलेली पुट्टी सांध्यात नंतर बसते आणि पुन्हा खड्डा दिसू लागतो.

एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग स्पंजासारख्या पितात. पाण्यात मिसळणारा प्रायमर तिथे थेट लावला, तर तंतू उभे राहून कड खरखरीत होते. त्याऐवजी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, एक लिटरला साधारण 120 ग्रॅम या प्रमाणात, कडांना दोन पातळ हात द्यावेत. ते तासाभरात वाळतात आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यावर कड चेहऱ्याइतकीच गुळगुळीत लागते. त्यावर प्रायमर, मग 320 आणि 400 नंबरचे घासकाम, आणि मग रंगाचे तीन पातळ हात. एक जाड हात हा कधीही तीन पातळ हातांना पर्याय नसतो, कारण उभ्या फळीवर तो ओघळतो.

ज्यांच्याकडे कंप्रेसर नाही आणि धूळ न येणारी खोली नाही, त्यांनी चकाकीचा हट्ट धरू नये. लहान फोमच्या रोलरने लावलेला मॅट किंवा किंचित दाणेदार रंग सदनिकेच्या बाल्कनीतही उत्तम बसतो. चकाकीच हवी असेल, तर पेटी घासून, प्रायमर मारून गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजला द्यावी. दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगातले हार्डनर श्वासाला घातक असते आणि साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी ठरतो; घरात तो रंग फवारणे, मुले शेजारच्या खोलीत असताना तर मुळीच, योग्य नाही.

माझे स्वतःचे मन मात्र व्हिनियरवर आहे, आणि त्यातही सागावर. आपल्याकडे ते दोन रूपांत मिळते: चार मिलिमीटरच्या प्लायवर आधीच चिकटवलेले, आणि सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा नुसता पापुद्रा. प्लायवरचे व्हिनियर बाजूंना आणि वरच्या फळीला लावणे सोपे आहे, आणि बाहेरून लावल्याने पेटीचे आतले घनफळ बदलत नाही. पण पुढच्या फळीवर ते लावू नये. ड्रायव्हर चार मिलिमीटर खाली जातो किंवा खाच नव्याने कापावी लागते, आणि वूफरच्या (खालच्या स्वरांच्या मोठ्या ड्रायव्हरच्या) मागचे भोक बोगद्यासारखे लांब होऊन त्याची हवा कोंडते. पुढची फळी मॅट काळी रंगवावी आणि बाकी चारही बाजूंना लाकूड ठेवावे. अनेक जुन्या स्पीकरांची हीच मांडणी होती आणि ती अजूनही जुनाट वाटत नाही.

पापुद्र्याचे काम नाजूक, पण शोभा त्याचीच. आपल्या पेटीभोवती फिरणाऱ्या पट्टीची लांबी भरते 380, 220, पुन्हा 380 आणि 220, म्हणजे 1200 मिलिमीटर. पापुद्र्याचा तेवढा लांब आणि 320 रुंद तुकडा मिळाला, तर एकच पट्टी तळापासून सुरू करून डावी बाजू, वरची फळी, उजवी बाजू अशी गुंडाळत तळाशीच संपवता येते. लाकडाचे रेषे कोपऱ्यावर न तुटता पुढे वाहत जातात आणि एकमेव जोड तळाखाली लपतो. अर्थात, यासाठी कोपऱ्यांना किंचित गोलाई लागते, नाहीतर पापुद्रा वळताना चिरतो.

चिकटवण्यासाठी इस्त्रीची पद्धत घरच्यांना सर्वांत जमणारी आहे. पांढऱ्या फेविकॉलचा एकसारखा पातळ थर फळीवर आणि पापुद्र्याच्या पाठीवर रोलरने द्यावा आणि तो पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यावा. मग पापुद्रा जागेवर ठेवून, वर साधा कागद घालून, सुती कपड्यांच्या तापमानाची कोरडी इस्त्री मधून कडेकडे सरकवत न्यावी. मागोमाग लाकडी ठोकळ्याने दाबत जावे. गार झाल्यावर नखाने सगळीकडे टिचक्या माराव्यात. जिथे आवाज पोकळ येतो तिथे फुगा आहे. रेषांच्या दिशेने ब्लेडने बारीक चीर द्यावी, सुईने फेविकॉल आत सोडावे, थोडे वाळू द्यावे आणि पुन्हा इस्त्री फिरवावी. कडेबाहेर राहिलेला भाग ब्लेडने कापून पॉलिश पेपर नेहमी बाहेरून पेटीकडे, एकाच दिशेने ओढावा. पुढे-मागे घासल्यास कडेचे टवके निघतात. चेहऱ्यावर 180 पेक्षा खरखरीत कागद नको, कारण अर्ध्या मिलिमीटरला आरपार जायला वेळ लागत नाही.

सागावर जवसाच्या तेलाचे तीन-चार हात चोळून दिले की रंग उबदार होतो, आणि पुढे ओरखडा आला तर तेवढ्याच भागावर तेल चोळून तो बुजवता येतो. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती फडकी पाण्यात बुडवावीत किंवा दोरीवर एकेरी वाळत घालावीत. पेटीवर चहाचे कप ठेवले जाण्याची शक्यता असेल, तर तेलाऐवजी पाण्यात मिसळणारे पीयू घ्यावे. त्याला वास कमी असतो आणि ते लाखेसारखे गरम कपाखाली पांढरे पडत नाही.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी कॅलेंडरही पाहावे. जून ते सप्टेंबरमध्ये एनसी लॅकर (थिनरमधले झटपट वाळणारे पॉलिश) किंवा लाखेचे पॉलिश लावले, तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पॉलिश दुधासारखे धुरकट होते. थिनरमध्ये रिटार्डर (तो सावकाश उडवणारे द्रव) घालून थोडे निभावते, पण शक्य असल्यास जोडकाम पावसाळ्यात आणि पॉलिश दसऱ्यानंतर, हा क्रम बरा. सांध्यांना लागणारे ते चार आठवडेही त्यात आपोआप मिळून जातात.

शेवटी ड्रायव्हर बसवण्याची घाई. किटमधली खाच मशीनने नेमक्या मापाची कापलेली असते, त्यामुळे तिच्या उभ्या भिंतीवर रंगाचे तीन हात चढले की काल सहज बसणारा वूफर आज अडकतो. खाचेच्या भिंतीला मास्किंग टेप लावूनच रंगवावे, आणि पुढच्या फळीवर सनमायका लावलीच, तर खाच एक मिलिमीटरने खोल झाली हे लक्षात ठेवून खाली तेवढ्या जाडीची फोमची पट्टी घालावी. घासकामासाठी स्टील वूल वापरली असेल, तर ती त्या खोलीतून बाहेर गेल्याशिवाय ड्रायव्हरचे खोके उघडू नये. तिचे बारीक तंतू चुंबकाकडे ओढले जाऊन कॉइलच्या फटीत शिरले, की खरखर कायमची बसते. रंग हाताला वाळलेला लागला तरी आतून घट्ट व्हायला आठवडा-दोन आठवडे घेतो. तोवर पेटीला रबरी पाय लावू नयेत आणि एकावर एक ठेवू नये; नाहीतर सोडवताना रंगाचा गोल पापुद्रा पायाला चिकटून येतो.