आधी प्रश्न, मग आकडे: व्यवसायातल्या निर्णयांसाठी संगणकाचा आधार कसा घ्यावा

सॉफ्टवेअर आलं की निर्णय आपोआप सुधारतील, असं अनेकांना वाटतं. पण बरेचदा पडद्यावर रंगीत आलेख दिसू लागतात आणि मालाची मागणी पूर्वीसारखीच अंदाजाने नोंदवली जाते. म्हणून सुरुवात कागदापासून करा.

1. निर्णय एका वाक्यात लिहा

"विक्री वाढवायची आहे" ही इच्छा झाली. "पुढचे तीन महिने या वस्तूवर 10 टक्के सूट द्यावी का?" हा निर्णय. त्याखाली आणखी एक ओळ लिहा: कोणता आकडा दिसला तर मी माझं मत बदलेन? माझ्या मते सगळ्या कामात हीच ओळ सर्वांत मोलाची. ती आधी लिहिली नाही, तर आलेल्या आकड्यांतून आपण आपल्याला हवं तेच वाचतो. आणि कोणत्याच आकड्याने मत बदलणार नसेल, तर अहवाल करण्यात वेळ घालवू नका.

2. लागेल तेवढीच माहिती एका जागी आणा

बिलं एका प्रणालीत, साठा दुसऱ्या, खर्च तिसऱ्या, अशी स्थिती बहुतेक ठिकाणी असते. सगळं जोडत बसू नका. या निर्णयाला लागणारे रकाने एका स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात, घ्या. एका ओळीत एकच व्यवहार, एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती, तारखा एकाच साच्यात. एकच ग्राहक तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिला असेल तर तो आधी एक करा. ग्राहकांची नावं आणि फोन नंबर या कामाला लागत नाहीत, ते वगळा. फाइल एखाद्या एआय साधनाला देणार असाल तर नक्कीच.

मग ताळा करा. मूळ नोंदीत किती ओळी होत्या, इथे किती आल्या? बेरीज जुळते का? हे कंटाळवाणं वाटतं, पण 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कोविडबाधितांच्या जवळपास 16,000 नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये 65,536 ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि उरलेल्या ओळी गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध त्यामुळे लांबला.

3. सरासरीवर थांबू नका, आलेख काढा

फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मध्ये आकड्यांचे चार संच मांडले. चारही संचांची सरासरी जवळपास सारखी, पण आलेख काढले की चार चित्रं पूर्ण वेगळी. पिव्होट टेबल, म्हणजे नोंदींची गटागटाने बेरीज करून दाखवणारी स्प्रेडशीटमधली सोय, वापरून महिन्यानुसार, वस्तूनुसार विक्री फोडून पाहा. एकाच मोठ्या ऑर्डरने सगळी सरासरी वर ओढलेली असू शकते. शिवाय नोंदींत फक्त खरेदी करणारेच असतात. विचारून परत गेलेले त्यात नसतात. त्यांची माहिती हवी असेल तर चौकशीची नोंद वेगळी ठेवावी लागेल.

4. "असं झालं तर?" हे विचारा

1979 मध्ये व्हिजिकॅल्क हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम आला, तो याच ताकदीमुळे लोकप्रिय झाला: एक आकडा बदला, बाकीचे सगळे पुन्हा मोजले जातात. ही सोय पुरेपूर वापरा. किंमत, खर्च, नग ही गृहीतकं वेगळ्या चौकटींत ठेवा. सूत्रात थेट आकडे कोंबू नका.

समजा वस्तू 100 ला विकता, तिचा खर्च 60, आणि 100 नग जातात. मिळकत 4,000. दहा टक्के सूट दिली की नगामागे 40 ऐवजी 30 उरतात. तेवढीच मिळकत टिकवायला 134 नग विकायला हवेत. म्हणजे सूट दहा टक्के, पण विक्री एक तृतीयांशाने वाढायला हवी! विक्री वीस टक्के वाढली तरी हाती 3,600 च येतात. आता खर्च 65 करून पाहा: सूट न देता 3,500 मिळतात, आणि सूट देऊन तेवढं गाठायला 140 नग लागतात. किती नग लागतील, हे एक्सेलमधली 'गोल सीक' ही सोय थेट शोधून देते. चांगली, मधली आणि वाईट अशा तीन शक्यता शेजारी शेजारी मांडा, आणि वाईट शक्यता तुम्हाला सोसेल का ते पाहा.

5. छोट्या प्रमाणावर करून बघा

जमेल तिथे सूट काही ग्राहकांनाच द्या, बाकीच्यांना नाही, आणि एकाच काळातली दोन्ही गटांची विक्री ताडून पाहा. गट चिठ्ठ्या टाकून निवडा. नेहमीचे ग्राहक एका गटात घातले तर तुलना फुकट जाते.

6. निर्णय नोंदवा, तारीख लावा

काय ठरवलं, का, आणि किती अपेक्षा धरली, हे त्याच फाइलमध्ये लिहा. कॅलेंडरमध्ये महिन्याभराने आठवण लावा. त्या दिवशी अपेक्षा 134 ची आणि प्रत्यक्ष विक्री 118 ची दिसली, तर पहिल्या पायरीवर लिहिलेली ओळ उघडा आणि तिच्याप्रमाणे सूट थांबवा.