दर रविवारी टाकी धुताय? झाडांच्या फिशटँकमधल्या या चुका टाळा

सांगलीत ज्यांची टाकी आज माळ्यावर पालथी पडली आहे, त्यांना विचारा. बहुतेकांची गोष्ट एकच निघते. पाणी जरा पिवळट दिसलं, मासे बादलीत काढले, खडे नळाखाली खळखळून धुतले, फिल्टरचा स्पंज साबण लावून पिळला, काचेसारखं नवं पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागले.

मासे अमोनिया सोडतात आणि तो त्यांना विषारी असतो. खड्यांवर आणि स्पंजवर चिकटलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं, शिवाय झाडांना ते खत म्हणून चालतं. हे जिवाणू पुरेसे जमायला चार ते सहा आठवडे जातात. धुण्यात आपण त्यांनाच मोरीत सोडतो. म्हणून टाकी कधीच पूर्ण रिकामी करू नका. पंधरा दिवसांतून एकदा चौथा हिस्सा पाणी बदला आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. ते काढलेलं पाणी मग कुंड्यांना घाला, गुलाब खूश होतो.

नवं पाणी नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा विशेष जपा. बादली चोवीस तास उघडी ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब वापरा. बोअरचं पाणी असेल तर प्रश्न वेगळा. आपल्या ऊसपट्ट्यात ते बऱ्याच ठिकाणी जड, कुठे कुठे खारटही असतं. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा, आठच्या वर गेला की तेवढाच अमोनिया जास्त घातक होतो. अशा पाण्यात टेट्रा माशांचा हट्ट धरू नका. गप्पी मासे आणि लांब पट्टीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरियाची झाडं त्यात छान वाढतात.

आता खतांबद्दल, कारण ही चूक खास आपल्याकडची. तासगाव भागात घरोघरी द्राक्षबाग, त्यामुळे विद्राव्य खताची पिशवी हाताशीच असते. '१९:१९:१९ चिमूटभर टाकलं, झाडं तरारतील' असं वाटतं. त्यातला बराचसा नत्र अमोनिया आणि युरियाच्या रूपात असतो, म्हणजे तुम्ही थेट विषच घालता. शेणखत आणि गांडूळखताचंही तेच. बागेत फवारणी करून आलात तर हात धुतल्याशिवाय टाकीत घालू नका. मोरचुदातल्या तांब्याने कोळंबी आणि गोगलगायी आधी मरतात. कमी कटकटीच्या टाकीला माशांची विष्ठा आणि तळाची माती बहुतेक वेळा पुरते.

माती मात्र कोणती? शेतातली काळी माती नको. ती फुगते आणि जरा ढवळली तरी पाणी दिवसेंदिवस चहासारखं राहतं. तिच्यात चुनखडीचे खडेही असतात, ते पाणी आणखी जड करतात. बागेतली साधी तांबूस माती चाळून, भिजवून, वाळवून घ्या, तिचा इंचभर थर द्या आणि वर इंचभर धुतलेली वाळू. वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती वाळू नको. शोभेचे पांढरे संगमरवरी खडेही याच कारणाने टाळा.

झाडं लावताना एक चूक मी स्वतः दोनदा केली. अॅन्युबिआस आणि जावा फर्नचं आल्यासारखं आडवं खोड मातीत गाडलं आणि ते कुजलं. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. क्रिप्टोकोरिनची पानं नव्या टाकीत विरघळतात, तेव्हा उपटून फेकू नका, मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात. आणि दुकानदार 'पाण्यातलंच आहे' म्हणून लकी बांबू देईल, तो पूर्ण बुडवला की सडतो.

हिरवं शेवाळ आलं की लोक औषध शोधतात. आधी दिवा किती तास चालतो ते मोजा. सहा ते आठ तास पुरे, तेही टायमरवर, आणि टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून दूर. पहिल्या दिवसापासून हॉर्नवर्टसारखी झपाट्याने वाढणारी झाडं भरपूर ठेवली तर शेवाळाला फारसं खायलाच उरत नाही. खाणं मिनिटभरात संपेल एवढंच टाका.

एप्रिल-मे वेगळा काळ. वीस अंशाला लिटरभर पाण्यात साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशाला साडेसातच. त्यात रात्री झाडंही प्राणवायू घेतात. मासे फक्त पहाटे वर येत असतील तर कारण बहुधा हेच. रात्री एअर पंप लावा, झाकण काढा, पृष्ठभागावर टेबलफॅनचा वारा द्या. पाणी बदलल्यानंतर दिवसभर धापा लागत असतील तर अमोनिया किंवा क्लोरीनवर संशय घ्या आणि क्लोरीन घालवलेल्या पाण्याने चौथा हिस्सा लगेच बदला.

शेवाळ खाईल म्हणून सकर मासा आणू नका. तो फूटभर होतो, झाडं उखडतो. आधीच आणला असेल आणि टाकीत मावेनासा झाला तर कृष्णेत किंवा विहिरीत सोडू नका. तिथे तो तग धरतो आणि आपल्या माशांच्या वाट्याचं खातो. दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या.