टक्केवाढ काढताय? आधी विचारा, कशावर

मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मिनिमम भाडं २३ चं २६ झालं आणि काळीपिवळी टॅक्सीचं २८ चं ३१. दोन्हीकडे वाढले तीनच रुपये, पण टक्क्यात बघाल तर रिक्षा १३ टक्क्यांनी महागली आणि टॅक्सी पावणेअकराच्या आसपास. असं का, तर टक्का नेहमी कशावर तरी काढलेला असतो आणि वाढीच्या हिशोबात तो जुन्या किमतीवर काढायचा, नव्या नाही. एवढं पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं आहे.

नव्यातून जुनं वजा करा, जो फरक येईल त्याला जुन्यानं भागा, मग १०० नं गुणा. रिक्षाचं बघू, २६ वजा २३ म्हणजे ३, ३ भागिले २३ म्हणजे ०.१३०४, म्हणजे १३.०४ टक्के. मोबाइलवर तर याहून झटपट होतं, थेट २६ भागिले २३ करायचं, १.१३०४ येतं, त्यातला पुढचा १ म्हणजे जुनं भाडं जसंच्या तसं, तो सोडून द्या, उरलं ते वाढ. हा १ सोडायला मात्र विसरू नका. बेस्टच्या साध्या बसचं मिनिमम तिकीट मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं, भागाकार केला की २ येतात आणि लोक बिनधास्त २०० टक्के वाढ म्हणून सांगतात. तिकीट दुप्पट झालं, वाढ १०० टक्केच.

आता घरभाडं, कारण खिशाला खरा चटका इथेच बसतो. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की मालक दहा टक्के वाढवून मागतो. समजा भाडं १८,००० आहे. दहा टक्के काढायला कॅल्क्युलेटर लागतच नाही, शेवटचं शून्य उडवा, १,८००, झालं, नवं भाडं १९,८००. पाच टक्के हवे असतील तर त्याचं निम्मं, ९००. एक टक्का म्हणजे दोन शून्यं उडवून १८०, मग आठ टक्के म्हणजे १८० आठे १,४४०. मालकाशी घासाघीस करताना हे तोंडी येत असलं ना की बोलण्यात जोर येतो, कारण 'दहाचे आठ करा' म्हणजे महिन्याला ३६० रुपये वाचले हे तिथल्या तिथे कळतं.

पण पुढच्या रिन्यूअलला दहा टक्के लागणार ते १९,८०० वर, १८,००० वर नाही. म्हणजे १,८०० नाही, १,९८०, आणि भाडं २१,७८०. तिसऱ्यांदा २३,९५८. तीन वेळा दहा दहा टक्के म्हणजे तीस असं वाटतं, पण १८,००० वरून मोजलं तर ३३.१ टक्के झाले. म्हणून टक्क्यांची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा, १.१ गुणिले १.१ गुणिले १.१. अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी तिन्ही वर्षांचे आकडे काढून कागदावर लिहूनच घ्या आणि वाढ मूळ भाड्यावर की चालू भाड्यावर हे सरळ विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही.

उलटं गणितही लागतं कधीकधी. एजंट म्हणाला की दहा टक्के वाढवून आता २२,००० झालंय, तर आधी किती होतं? बरेच जण २२,००० चे दहा टक्के कापून १९,८०० म्हणतात, ते चूक. २२,००० भागिले १.१ करा, २०,००० येतात. जीएसटीसकट बिलाचं पण तसंच, १८ टक्के धरून १,१८० झाले असतील तर १.१८ नं भागायचं, मूळ रक्कम १,०००.

राहिलं होमलोन, आणि इथे फार गोंधळ होतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बोलताना सगळे 'अडीच टक्के वाढला' म्हणतात, पण ते फक्त साडेसहातून चार गेले, जुन्या दरावर काढाल तर वाढ ६२.५ टक्के आहे. आणि हप्ता? तो यातल्या कुठल्याच आकड्यानं वाढत नाही. २० वर्षांच्या लोनला ७ टक्के व्याजानं लाखामागे महिना साधारण ७७५ रुपये हप्ता पडतो, व्याजही तसंच अडीचनं वाढून साडेनऊ झालं तर ९३२, म्हणजे हप्त्यात वाढ २० टक्क्यांची. त्यातही बँका बऱ्याचदा हप्ता आहे तेवढाच ठेवून मुदत वाढवतात, तेव्हा नुसता हप्ता बघून काहीच वाढलं नाही असं समजू नका, स्टेटमेंट काढून किती महिने राहिलेत ते बघा.